बारा फ्रेम, शहाण्णव काप: मायटर स्लेडच्या नोंदी

भाचीच्या बारा जलरंग चित्रांचं प्रदर्शन ऑगस्टच्या मध्यावर कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात आहे. चित्रं पाव शीटची, ११ × १५ इंच. माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) धरून काच १६ × २०. फ्रेमवाल्यानं नगाला ₹८५० सांगितले. मी जेवता जेवता बोलून गेलो, "त्यात काय, चार पट्ट्या तर जोडायच्या. मी करतो." तो घास अजून गिळतोय. कुणाला हाच उद्योग करायचा असेल तर उपयोगी पडेल म्हणून रविवारच्या रविवारी लिहून ठेवतोय. मायटर म्हणजे कोपरा जुळवायला पट्टीचं टोक ४५ अंशात तिरकं कापणं. स्लेड म्हणजे पट्टी धरून मशीनच्या टेबलावर सरकवायची पाटी.

८ जून

मशीन आधी सांगतो. परड्यातल्या शेडमध्ये इथंच बनवून घेतलेला टेबल सॉ आहे, म्हणजे टेबलातून वर आलेल्या फिरत्या पात्याची करवत. दहा इंची पातं, दोन हॉर्सपॉवरची मोटर, टेबलात १९ मिमी रुंदीचे दोन खाचे. पातं २४ दात्यांचं, उभं चिरायला उत्तम. आडव्या कापाला ते उंदरानं कुरतडल्यासारखं करतं, म्हणून लक्ष्मीपुरीतून ६० दात्यांचं आणलं. ₹१,६५०.

मशीनबरोबर आलेल्या मायटर गेजवर (खाच्यात सरकणारी, कोन लावायची आडवी पट्टी) ४५ लावून भंगार पाइनच्या चार पट्ट्या कापल्या, ३२ मिमी रुंदीच्या. तीन कोपरे झकास बसले. चौथ्याच्या फटीत रुपयाचं नाणं शिरलं.

हिशेब मांडला. ३२ मिमी पट्टीचा तिरका काप ४५ मिमी लांब होतो. त्यावर दीड मिमीची फट म्हणजे जवळपास दोन अंश. आठ कापांत वाटली तर प्रत्येकी पाव अंश. गेजवरच्या खुणा एकेक अंशाच्या, काटाच एका खुणेएवढा जाड. पाव अंश डोळ्याला दिसणारच नव्हता. चूक सगळीकडे होती, पण सगळीकडची गोळा होऊन शेवटच्या कोपऱ्यात उभी राहिली.

१५ जून

स्लेड करायच्या आधी पातं खाच्याला समांतर आहे का ते बघितलं. हे मी मशीन आल्या दिवशीच करायला हवं होतं. उद्यमनगरात मित्राच्या वर्कशॉपमधून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) उसना आणला. पात्याच्या एका दात्यावर खूण केली, तो दाता पुढे असताना माप, मागे फिरवून माप. फरक ०.४ मिमी. म्हणजे पात्याची मागची बाजू लाकडाला घासत होती. आडव्या कापाला कडा करपतात, त्याचं खापर मी इतके दिवस लाकडावर फोडत होतो.

टेबलाचे चार बोल्ट ढिले केले, लाकडी हातोडीनं ठोकून सरकवलं, परत आवळलं. आवळताना परत सरकतं. तेवढ्यात दोन तास गेले. शेवटी ०.०५ वर सोडून दिलं. करपणं बंद.

२२ जून

पहिली स्लेड. ही फुकट गेली, तरी लिहितो.

१२ मिमी प्लाय, त्यावर ४५ ला एकच फेन्स, म्हणजे पट्टी टेकवायची सरळ आडकाठी. डोक्यात असं होतं की पट्टीचं एक टोक कापायचं, मग पट्टी पालथी करून दुसरं. फेन्स एकच, म्हणजे सगळे काप सारखे, म्हणजे बिनचूक. सारखे आले खरे. पण फेन्स ४५.२ वर असला तर दोन्ही टोकं ४५.२ येतात आणि कोपरा ९०.४ चा होतो. सारखेपणानं चूक दुप्पट झाली.

दुसरं असं, की टेबल सॉच्या पात्याचे दाते वरून खाली येतात, त्यामुळे ढलप्या खालच्या अंगाला उडतात. पट्टी पालथी केली की तिचा चेहरा खाली जातो. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एका पट्टीचा चेहरा उसवलेला. नुसत्या सपाट पट्टीला हे पॉलिश पेपरनं कसंबसं निभावेल, गोलाई मारलेल्या पट्टीला नाही. ती पालथी धड बसतसुद्धा नाही, डुगडुगते.

एक रविवार आणि प्लायचा एक तुकडा गेला.

२९ जून

शेजारच्या गल्लीतले आबा आले. आबांची चाळीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करण्यात गेली. त्यांना फ्रेमचं काम म्हणजे पोरखेळ. पहिली स्लेड त्यांनी उचलली, डोळ्यासमोर धरली, खाली ठेवली.

"पंचेचाळीस कशाला शोधाय लागलाईस?"

"आबा, मायटर पंचेचाळीसचाच असतोय की."

"कोपरा कितीचा पायजे?"

"नव्वदचा."

"मग नव्वद धर की. नव्वदाला गुण्या हाय. पंचेचाळीसाला तुझ्याकडं काय हाय?"

(गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार.) एवढं बोलून ते चहाला बसले. मला समजायला चहा संपावा लागला.

एकाऐवजी दोन फेन्स लावायचे, घराच्या छपरासारखे, टोक आपल्यापासून लांब, पातं बरोबर टोकातून जाणार. डाव्या उतारावर पट्टीचं उजवं टोक कापायचं, उजव्या उतारावर डावं. प्रत्येक कोपऱ्यात एक काप डावीकडचा, एक उजवीकडचा. दोन फेन्स आपसात नेमके काटकोनात असले की डावा ४५.१ आणि उजवा ४४.९ झाला तरी बेरीज नव्वदच. पट्टी पालथी करायची नाही, चेहरा कायम वर.

याचा आणखी एक फायदा मला नंतर उमगला. पातं टेबलाला अगदी उभं नसलं, किंचित कललेलं असलं, तरी जोड मिटतो. दोन पट्ट्या स्लेडवर पातं मध्ये ठेवून जशा पडल्यात, तशाच एकमेकींकडे सरकवल्या तर त्या मिटणारच. एकीचा काप जितका आत झुकलेला, तितकाच दुसरीचा बाहेर.

मात्र ४५ अगदीच सोडून चालत नाही. डावा ४५.४ आणि उजवा ४४.६ झाला तर कोपरा नव्वदचा होतो, पण एका पट्टीचा तिरका काप दुसरीपेक्षा अर्ध्या मिमीहून जास्त लांब येतो आणि टोकाला पायरी दिसते. ०.१ अंशाच्या आत असलं की पायरी पॉलिश पेपरात निघून जाते.

आबांनी जाताना त्यांची ६०० मिमीची स्टीलची पट्टी ठेवून दिली. "तुझा टेप कुचकामी हाय," म्हणाले. या पट्टीबद्दल पुढं येईल.

६ जुलै

दुसरी स्लेड. तळाला १२ मिमी प्लाय, ९०० × ६००. खाली सागवानाच्या तुकड्यातून रंधून काढलेले दोन रनर, म्हणजे खाच्यात सरकणाऱ्या पट्ट्या, १८.९ मिमी. खाच्यात आधी नाणी टाकून रनर टेबलाच्या वर थोडे उचलून घेतले, त्यावर फेविकॉल, त्यावर प्लाय, वरून वजन. वाळल्यावर खालून स्क्रू. स्क्रूचं डोकं बसायला खळगा केला नाही तर लाकूड फुगून रनर तिथंच अडकतो. एका ठिकाणी मी विसरलो आणि अडकला.

फेन्स १८ मिमी प्लायचे, प्रत्येकी ६०० लांब. डावा पक्का स्क्रू केला. उजव्याला छपराच्या टोकाशी एक स्क्रू, त्याभोवती तो फिरेल. दुसऱ्या टोकाचं भोक लांबट ठेवलं, म्हणजे थोडं सरकवता येईल. मागे, जिथून पातं माझ्या बाजूला बाहेर येतं, तिथं चार इंच जाड लाकडाचा ठोकळा चिकटवला. ही चैन नाही. दोन्ही अंगठे स्लेड ढकलताना तिथंच असतात आणि स्लेडवर पात्याचं गार्ड लावता येत नाही.

गुण्या लावून उजवा फेन्स बसवला. गुण्या आधी तपासला: प्लायच्या सरळ कडेवरून रेघ मारायची, गुण्या उलटवून त्याच बिंदूतून परत मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. माझा खरा निघाला.

चार पट्ट्यांची चाचणी फ्रेम कापली. चौथ्या कोपऱ्यात फट ०.३ मिमी, बाहेरच्या टोकाला, आत मिटलेली. बाहेर उघडी म्हणजे दोन फेन्समधला कोन नव्वदहून जास्त. ४५ मिमीवर ०.३ म्हणजे ०.४ अंश, चार कोपऱ्यांत वाटले की प्रत्येकी ०.१. स्क्रूपासून ४०० मिमीवर ०.१ अंश म्हणजे ०.७ मिमी.

०.७ मिमी हातानं सरकवणं जमत नाही, मी दोनदा बघितलं. मग साध्या झेरॉक्सच्या कागदाचे सात तुकडे घेतले (८० जीएसएमचा एक कागद साधारण ०.१ मिमी). फेन्सच्या मागे, ४०० मिमीवर, सात कागद मध्ये ठेवून एक ठोकळा क्लॅम्पनं घट्ट केला. कागद ओढून काढले. फेन्स ढिला करून ठोकळ्याला टेकवला, आवळला. परत चार पट्ट्या. चौथा कोपरा मिटला. दिव्यासमोर धरला तरी उजेड येईना.

बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "चित्र कुठाय?"

९ जुलै, रात्री

चार दिवस संततधार. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, सगळं गाव फुटाफुटानं पाणी मोजतंय. मी शेडमध्ये गेलो तर स्लेड हलेना. रनर फुगले. १८.९ चे १९.१ झालेत, खाच्यात लाकडी पाचर ठोकल्यागत बसलेत. सागवान फुगत नाही म्हणतात, ते बाकीच्या लाकडांच्या मानानं असावं.

रंध्याचा एक हलका हात मारला. मेण घासलं. सरकली.

१३ जुलै

दोन दिवस उघडीप. स्लेड आता खाच्यात खुळखुळते. फुगलेलं लाकूड रंधलं की सुकल्यावर असंच होणार, एवढं तरी कळायला हवं होतं.

नायलॉनचे रनर करा असं एकानं सुचवलं. नायलॉनही पाणी पितं, म्हणून नको म्हटलं. उद्यमनगरात ब्राइट बारची (गुळगुळीत पोलादाची) चपटी पट्टी घेतली, मिलिंगवर १८.९५ करून घेतली, भोकं आणि आटे तिथंच पाडून घेतले. सगळे मिळून ₹४२०. काम वीस मिनिटांचं, नंबर लागायला दीड तास. त्या दीड तासात मिसळ खाल्ली, ती खर्चात धरलेली नाही.

रनर बदलले म्हणजे सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून, असं धरून बसलो होतो. चाचणी फ्रेम कापली तर चारही कोपरे मिटलेले. फक्त टोकाला नखाला लागेल एवढी पायरी. म्हणजे रनर बसवताना अख्खी स्लेड पात्याशी किंचित फिरली होती, ४५-४५ ची वाटणी बिघडली होती, पण फेन्समधलं नव्वद जागचं हललं नव्हतं. आबांचं म्हणणं डोक्याला आधीच पटलं होतं, आज हाताला पटलं. रनरचे स्क्रू ढिले करून स्लेड पाऊण मिमी फिरवली, पायरी गेली.

२० जुलै

लाकूड. टिंबर मार्केटमधून जुन्या घराचं सागवान, सव्वा घनफूट, ₹३,५००. मुरलेलं, वाकत नाही, रंग असा की पॉलिशची गरज नाही. आत खिळे असतात. दिसले ते पाच काढले. सहावा पात्याला सापडला. ठिणगी उडाली, आवाज झाला, नवीन पात्याचे दोन दाते गेले. दाते बसवून धार लावून ₹३००, आणि चार दिवस काम बंद. स्पीकरमधलं मोठं लोहचुंबक सगळ्या फळीवरून फिरवायला दहा मिनिटं लागतात. मी ती दुसऱ्या फळीला घालवली.

२४ दात्यांच्या पात्यावर पट्ट्या चिरल्या, रंधल्या: ३२ रुंद, २० जाड, काचेसाठी मागून ६ मिमीची खाच. सगळ्या पट्ट्यांची रुंदी एकाच बैठकीत, फेन्स न हलवता करा. रुंदी अर्धा मिमी कमीजास्त झाली की मायटर कितीही अचूक असो, टोकं जुळत नाहीत.

२७ जुलै, सकाळ

कापायला सुरुवात. लांब पट्टी ५६३ मिमी, आखूड ४६१, टोकापासून टोकापर्यंत. काच अधिक ३ मिमी मोकळीक अधिक दोन्हीकडचे २६-२६.

पहिल्याच कापात पट्टी फेन्सवरून सरकली. तिरक्या कापात पातं पट्टीला मागे दाबतं तसंच उतारावरून खालीही ढकलतं. हातानं कितीही दाबा, केसभर सरकतेच आणि कापाला बाक येतो. दोन्ही फेन्सच्या तोंडाला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. सरकणं थांबलं.

मग एक कापलेला त्रिकोणी तुकडा पात्याला लागून उडाला आणि पत्र्यावर आदळला. चष्मा होता. आता काप पूर्ण झाला की स्लेड मागे ओढायच्या आधी मशीन बंद करतो, पातं थांबेपर्यंत हात तिथंच ठेवतो. ९६ कापांना ९६ वेळा. वेळ जातो, जाऊ दे.

उजव्या फेन्सवर स्टॉपर (पट्टीचं टोक अडवणारा ठोकळा) लावला, म्हणजे सगळ्या पट्ट्या एका मापाच्या. पाचव्या पट्टीनंतर मापं हलायला लागली, अर्ध्या मिमीनं कधी इकडे कधी तिकडे. आधी कापलेल्या टोकाची सुई स्टॉपरच्या सपाट तोंडावर दाबली जाऊन चेचत होती, वर भुसा साठत होता. स्टॉपरला ४५ ची उलटी खाच पाडली, सुई तिच्यात अलगद बसते. खाली कोपरा छाटून भुश्याला वाट केली. त्यानंतर बारा पट्ट्या एकत्र उभ्या धरून वरून बोट फिरवलं, एकही वर लागली नाही.

२७ जुलै, संध्याकाळ

दुपारपर्यंत चोवीस लांब आणि चोवीस आखूड पट्ट्या तयार. एक फ्रेम कोरडीच जुळवली. कोपरे असे मिटले की शिरांवरूनच जोड कळावा. नमुन्याची काच टाकली आणि ती आडवी खडखड हलली. ठेवलेली मोकळीक सोडून वर पाच-साडेपाच मिमी.

आखूड पट्ट्या बरोबर, लांब सगळ्या ५६८ च्या वर. स्टॉपर मीच लावलेला, ५६३ दोनदा बघून. मग आठवलं: लांब पट्ट्यांचा स्टॉपर आबांच्या स्टीलच्या पट्टीनं लावला होता, आखूडचा माझ्या टेपनं. दोन्ही शेजारी ठेवली. ६०० च्या पट्टीत सहा मिमीचा फरक.

पट्टी उलटी केली. मागे झिजलेल्या अक्षरांत शिक्का होता. ती पॅटर्नवाल्यांची कॉन्ट्रॅक्शन पट्टी. बिडाचं ओतीव थंड होताना आकसतं, फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच, म्हणून त्यांच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटरच शेकडा एकानं मोठा असतो. त्या मापानं पॅटर्न केला की ओतीव खऱ्या मापाचं उतरतं. माझ्या फ्रेम ओतायच्या नव्हत्या.

नशीब, लांब झाल्या. स्टॉपर परत लावून चोवीस टोकं छाटली, पाऊण तास. चूक उलटी असती तर साडेतीन हजारांचं सागवान चुलीत.

३ ऑगस्ट

चिकटवणं. मायटरमध्ये शिरांचं तोंड उघडं असतं, फेविकॉल पिऊन टाकतं आणि जोड कोरडा राहतो. आधी पातळ हात लावून पाच मिनिटं थांबलो, मग दुसरा. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, फ्रेमभोवती ताणून चार वेढे. चारही कोपऱ्यांवर सारखा दाब येतो, ओरखडा उठत नाही. गुण्या लावून बघायची गरज पडली नाही, दोन्ही कर्ण मोजले, सारखे. टेप माझा.

सातव्या फ्रेमला एका लांब पट्टीचं टोक उलट्या बाजूनं लावलं, खाच चेहऱ्याकडे. वीस मिनिटांनी लक्षात आलं. काढताना कोपरा फाटला. उरलेल्या लाकडातून एक पट्टी नवीन, स्टॉपर जागेवर होता म्हणून पाच मिनिटांत झाली.

वाळल्यावर प्रत्येक कोपऱ्यात बाहेरून काप पाडून सागवानाची पातळ चीप चिकटवली. नुसत्या फेविकॉलच्या भरवशावर काचेचं वजन टांगायला मन धजेना.

१० ऑगस्ट

बारा फ्रेम रिक्षातून दोन खेपांत पोचवल्या. खर्च: प्लाय ₹६५०, पातं ₹१,६५०, रनर ₹४२०, दाते ₹३००, सागवान ₹३,५००, काचा आणि मागचे बोर्ड ₹२,१६०, स्क्रू-पेपर-फेविकॉल ₹२४०. एकूण ₹८,९२०. फ्रेमवाल्याचे ₹१०,२०० झाले असते. वाचले ₹१,२८०, गेले नऊ रविवार आणि एक बुधवारची रात्र.

संध्याकाळी आबांना एक फ्रेम दाखवायला नेली. त्यांनी चष्मा वर केला, चारही कोपऱ्यांवरून एकेकदा अंगठ्याचं नख ओढलं. कुठंच अडलं नाही. फ्रेम मांडीवर ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माझी पट्टी कुठाय?"